साग, दोन हेक्टर: मातीच्या खड्ड्यांपासून दुसऱ्या विरळणीपर्यंतच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २००८: माती

झाड ठरवण्याआधी सहा खड्डे घेतले, प्रत्येकी दीड मीटर खोल, वरच्या बांधापासून खालच्या ओघळीपर्यंत. वरच्या पाच खड्ड्यांत तांबूस भुसभुशीत माती १.१ ते १.३ मीटर, खाली फुटका मुरूम. सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) ६.८. सागाला एवढी खोली पुरते आणि सामूही मानवतो. सहाव्या खड्ड्यात, म्हणजे खालच्या कोपऱ्यात, ६० सेंमीवरच माती करडी झाली आणि तिच्यात गंजासारखे ठिपके दिसले. वर्षातले काही महिने तिथे पाणी तुंबून राहते, याची ही खूण. खड्डा पाण्याने भरून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी निम्मे पाणी तसेच होते. वरच्या खड्ड्यांतले पाणी चार तासांत जिरले होते.

सागाच्या मुळांना हवा लागते, साचलेल्या पाण्यात तो तग धरत नाही. तो लगेच मरत नाही, हेच जास्त वाईट. दोन-तीन वर्षे पिवळी पाने घेऊन उभा राहतो, शेंडा वाळतो आणि तोपर्यंत खर्च होऊन गेलेला असतो. खालचे ०.३ हेक्टर सागातून वगळले. तिथे अर्जुन आणि बांबू. जाळरेषा (आग अडवायला साफ ठेवलेला पट्टा) व गाडीवाटेला ०.२ हेक्टर. सागाला उरले १.५ हेक्टर.

४ जानेवारी २००९: अंतर

२ × २ मीटरवर हेक्टरी २,५०० झाडे, ३ × ३ वर १,१११, ४ × ४ वर ६२५. दाट लावले की खोड सरळ वाढते, फांद्या बारीक राहतात आणि गवत लवकर दबते. पण चौथ्या वर्षीच विरळणी करावी लागते, आणि त्या वेळी निघणाऱ्या मनगटाएवढ्या वाशांना गिऱ्हाईक नसेल तर ती सगळी मजुरी अंगावर पडते. ४ × ४ वर विरळणी उशिरा येते, पण फांद्या जाड होतात, गाठी मोठ्या राहतात, तण चार-पाच वर्षे आवरत नाही आणि निवडीला वावही उरत नाही. शेवटपर्यंत हेक्टरी २०० ते २५० झाडेच ठेवायची असतात. ती १,१११ मधून निवडणे आणि ६२५ मधून निवडणे यांत मोठा फरक पडतो.

३ × ३ ठरले. ओळी उताराला आडव्या. १.५ हेक्टरात १,६६० जागा आखल्या.

२२ एप्रिल २००९

समतल चर खणून झाले, दर चौथ्या ओळीला एक. माती चराच्या खालच्या अंगाला टाकली. चर सलग ठेवले नाहीत, अधूनमधून न खणलेला पट्टा सोडला. सलग चर एका जागी फुटला की सगळे पाणी तिथूनच धावते.

१८ जून २००९: सागजडी लावली

दोन चांगले पाऊस झाले. पहारीने उकरून पाहिले तर ओल ३० सेंमीपर्यंत उतरली होती. त्याआधी लावणे म्हणजे जडी (रोपाचे कापलेले मूळ आणि वर खोडाची छोटी खुंटी) सुकवणे.

जडी गादीवाफ्यावरच्या वर्षभराच्या रोपांची. मूळ आणि खोड जुळते तिथे जाडी १.२ ते २ सेंमी, म्हणजे साधारण अंगठ्याएवढी. १ सेंमीपेक्षा बारीक जड्या बाजूला काढल्या: त्यांत साठा कमी असतो आणि पहिला कोंब किड्याने खाल्ला की दुसरा फुटण्याइतका जोर त्यांच्यात उरत नाही. खोड त्या जोडाच्या वर २ ते ३ सेंमी ठेवून कापले, सोटमूळ १८ ते २० सेंमी, टोकाला तिरपा काप, बाजूची मुळे साफ. काप धारदार कोयत्याने एकाच घावात. बोथट हत्याराने साल चिरते आणि कुजणे तिथूनच सुरू होते. जिवंतपणा नखाने तपासायचा: साल खरवडली की आत ओलसर पांढरट दिसले पाहिजे. तपकिरी निघाली तर ती जडी मेलेली. जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवल्या आणि काढल्यापासून तिसऱ्या दिवशी लावून संपवल्या.

लावताना पहारीने २५ सेंमीचे भोक पाडायचे, जडी सोडायची, जोड जमिनीच्या पातळीला आणायचा. मग दहा सेंमी बाजूला पहार तिरपी घालून माती जडीकडे दाबायची, आधी तळाशी, नंतर वर. हे दाबणे चुकले तर बाकी सगळे बरोबर असूनही जडी जाते.

२४ ऑगस्ट २००९: मोजणी

१,६६० पैकी १,४७० जिवंत, ८८.५ टक्के. मेलेल्या १९० पैकी १२० एकाच पट्ट्यात होत्या, जिथे माती जरा चिकण आहे. त्यांतल्या तीस उपटून पाहिल्या. एकोणीस जड्यांचे टोक मोकळ्या पोकळीत लोंबत होते, त्यावर पांढरी बुरशी. चिकण मातीत पहार फिरवली की भोकाची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते, वरचे तोंड दाबले जाते आणि खाली हवा राहते. त्या हवेच्या जागी पुढे पाणी साचते. चिकण पट्ट्यात पहारीचे भोक नको, कुदळीने लहान खड्डाच घ्यावा.

नांगे (मेलेल्या जड्यांच्या रिकाम्या जागा) लगेच भरले, पिशवीतल्या तीस सेंमीच्या १३० रोपांनी. सागाला पुरे ऊन लागते. पुढच्या वर्षी लावलेले रोप शेजाऱ्यांच्या सावलीत कायमचे मागे पडते, म्हणून नांगे भरायचे ते त्याच पावसाळ्यात.

एका जडीवर दोन-चार कोंब आले होते. ते हातभर व्हायच्या आत सर्वांत जोमदार एक ठेवून बाकीचे काढले.

१० नोव्हेंबर २००९

तिसरी खुरपणी. प्रत्येक रोपाभोवती एक मीटर व्यासाचे आळे स्वच्छ, मधले गवत फक्त कापलेले. पुढच्या वर्षी दोन खुरपण्या, तिसऱ्या वर्षी एक. पहिली दोन वर्षे ओळींमध्ये शेंगवर्गीय आंतरपीक घेतले तर खुरपणीचा खर्च त्यातून निघतो, मात्र पीक खोडापासून ७५ सेंमी लांब हवे. वेलवर्गीय नको, वेल शेंडा वाकवतो.

२ जुलै २०११: पाने खाणारी अळी

नवी पालवी आल्यावर दोन आठवड्यांतच धाड. पानाची कड दुमडून आत अळी बसते, आणि मोठी झाली की मधली जाड शीर सोडून सगळे पान खाते. चार दिवसांत निम्मे क्षेत्र झाडू उभे केल्यासारखे दिसू लागले. ही हिब्लिया प्युएरा. पावसाळ्याच्या शेवटी येते ती वेगळी: ती पानाची चाळण करते, पण तेव्हा पाने तशीही गळायला आलेली असतात. तिच्यावर खर्च करू नये.

हिब्लियाने झाड मरत नाही, पानेही परत फुटतात, म्हणून बहुतेक जण दुर्लक्ष करतात. पण केरळ वन संशोधन संस्थेने नीलांबूरच्या कोवळ्या सागवनात केलेल्या अभ्यासात या एका अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक हातची गेल्याचे दिसले. शिवाय कोवळा शेंडा खाल्ला गेला की झाड दुबेळके, म्हणजे दोन शेंड्यांचे होते.

अळी सेंटिमीटरभर असतानाच बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळी मारणाऱ्या जिवाणूची फवारणी लागू पडते. मोठ्या अळीवर ती वाया जाते. झाडे चार मीटरच्या आत असल्यामुळे पाठीवरच्या पंपाने पानापर्यंत पोहोचता आले. उंच झाडांत हे शक्य होत नाही, म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांत पालवी फुटताच दर तीन दिवसांनी वीस झाडांची पाने उलटून पाहायची. ऑगस्टमध्ये दुबेळकी झालेली १४० झाडे दुरुस्त केली: सरळ शेंडा ठेवला, दुसरा बुडातून काढला.

१६ फेब्रुवारी २०१२: पहिली छाटणी

पानगळ झालेली, रस शांत. झाडे सरासरी पाच मीटर. जमिनीपासून २.२ मीटरपर्यंतच्या फांद्या काढल्या. मोजमाप दोन गोष्टींचे: फांदी अडीच सेंमीपेक्षा जाड व्हायच्या आत निघाली पाहिजे, आणि छाटणीनंतर उंचीच्या निम्म्याहून जास्त भागावर पालवी राहिली पाहिजे.

काप कुठे घ्यायचा यावर सगळे अवलंबून आहे. फांदी खोडाला जुळते तिथे कातडी गोळा झाल्यासारखी सुरकुतलेली सूज असते. करवत त्या सुजेच्या अगदी बाहेर चालवायची. सूज कापली तर जखम दुप्पट होते आणि भरायला दोन हंगाम लागतात. उलट बोटभर खुंटी ठेवली तर ती वाळते, खोड तिच्याभोवती वाढत राहते आणि आत सुटी गाठ तयार होते. फळी कापल्यावर ती गाठ गळून पडते, भोक उरते. जाड फांदीला आधी खालून एक काप, नाहीतर वजनाने साल खोडावरून सोलत जाते.

उत्तरेकडच्या दोन ओळींत हात जास्त चालला, झाडाला फक्त वरचा तिसरा हिस्सा पालवी उरली. जुलैत त्याच खोडांवर पाणसोट (खोडातून थेट येणारे फुटवे) फुटले, एकेका खोडावर दहा-बारा. ते काढायला पुन्हा मजुरी, आणि प्रत्येक पाणसोट म्हणजे बारीक गाठ. एकदम जास्त छाटून वेळ वाचत नाही.

२० फेब्रुवारी २०१४

दुसरी छाटणी ४.५ मीटरपर्यंत, पण सगळ्या झाडांची नाही. हेक्टरी ४५० चांगल्या झाडांचीच. जी झाडे वर्षभरात विरळणीत जाणार, त्यांच्यावर करवत चालवणे म्हणजे पैसे जाळणे.

२८ डिसेंबर २०१४: वाढ अडली

पाच गोल नमुना भूखंड, त्रिज्या ८.९२ मीटर. म्हणजे बरोबर २५० चौरस मीटर, आतल्या झाडांना ४० ने गुणले की हेक्टरी संख्या मिळते. सरासरी २६ झाडे, हेक्टरी १,०४०. घेर १.३७ मीटर उंचीवर, उतारावर वरच्या बाजूने मोजलेला.

सरासरी घेर ३५ सेंमी. वर्षाची भर बघा: २०१२ मध्ये ७.५ सेंमी, २०१३ मध्ये ६, यंदा ३.५. पाऊस तिन्ही वर्षे चांगला होता, अळीही यंदा फारशी नव्हती. वर पाहिले की कारण दिसते: पालवी पालवीला भिडली आहे आणि खालच्या फांद्या आपोआप वाळत आहेत. उंची दहा मीटर गाठली. सागात पहिली विरळणी उंची नऊ मीटरच्या आसपास असतानाच व्हायला हवी, म्हणजे ती एक वर्ष उशिरा होते आहे.

६ ते १४ फेब्रुवारी २०१५: पहिली विरळणी

हेक्टरी १,०४० वरून ५६०. एकूण ७२० झाडे काढली.

खुणा करण्याची पद्धत इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण बागेची किंमत याच आठवड्यात ठरते. काढायच्या झाडांवर आधी खूण करायची नाही. आधी राखायची शोधायची: सरळ, एकशेंडी, गोल खोडाची, पालवी चारी बाजूंनी भरलेली, शेजाऱ्यांपेक्षा घेराने मोठी. अशी हेक्टरी ३०० झाडे निवडून त्यांना पांढरा पट्टा मारला. मग प्रत्येक पट्टेवाल्याखाली उभे राहून वर पाहायचे आणि विचारायचे, याची पालवी कोण दाबतो आहे? तो काढायचा, मग तो दिसायला देखणा असला तरी. वाकडे, दबलेले पण कुणाला न अडवणारे झाड राहिले तरी चालते. जमिनीवर सावली धरते, पुढच्या खेपेला जाईल.

मजुरांना मोकळे सोडले तर हात उलटा चालतो. मोठे झाड विकले जाते म्हणून तेच आधी पडते, आणि खुरटे मागे राहतात. ही चूक पुढच्या वीस वर्षांत भरून निघत नाही.

कापलेल्या एका खोडाची चकती घेतली. सालीशिवाय व्यास १०.५ सेंमी, मधले पक्के लाकूड ४ सेंमी. ताज्या कापात ते हिरवट-सोनेरी असते, तासाभरात उन्हात तपकिरी होते, बाहेरचे कच्चे पांढरट तसेच राहते. क्षेत्रफळाने पक्के लाकूड जेमतेम १५ टक्के. वाळवी न लागण्याचा सागाचा गुण त्या १५ टक्क्यांतच आहे. कच्च्या लाकडाला वाळवी आणि किडा दोन्ही लागतात. कोवळा वासा साग म्हणून दारे-खिडक्यांना विकणे घेणाऱ्याची फसवणूक आहे. मांडवाचे वासे आणि कुंपणाच्या बल्ल्या म्हणूनच दिला.

बुडखे फुटणारच. ऑगस्टमध्ये आणि पुढच्या जूनमध्ये असे दोनदा फुटवे कापावे लागतील.

१९ जुलै २०१५

वादळात चौदा झाडे कलली, सगळी पश्चिम कडेची. मोजली तर उंची अकरा मीटर आणि व्यास नऊ सेंमी, म्हणजे उंची जाडीच्या १२० पटीहून जास्त. दाटीत काठीसारखी वाढलेली झाडे एकमेकांच्या आधाराने उभी होती, तो आधार आम्ही काढला. विरळणी वर्षभर लांबल्याची ही किंमत. वाऱ्याच्या बाजूच्या दोन ओळी पुढे हळूहळू, दोन खेपांत विरळ करायच्या.

९ मार्च २०१७: आग

दक्षिणेची जाळरेषा साफ करायची राहिली होती, आणि आग तिथूनच आली. ०.२ हेक्टर पाचोळा जळाला. झाडे मेली नाहीत, पण ४३ खोडांची साल वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला ६० सेंमीपर्यंत भाजली. ज्वाळा खोडाला वळसा घालून त्याच बाजूला वर चढते. हातोडीच्या दांड्याने ठोकले की भाजलेली साल पोकळ वाजते. ती पुढे सुटेल, आत बुरशी शिरेल आणि बुडातला ओंडका बिघडेल. झाडातला सर्वांत महाग ओंडका तोच. या ४३ वर लाल ठिपका: दुसऱ्या विरळणीत आधी ही.

जळालेल्या पट्ट्यात पावसाळ्यात आणखी एक गोष्ट दिसली. सागाच्या रुंद पानावर पाणी गोळा होऊन मोठ्या थेंबांनी पडते. पाचोळा नसला की तो थेंब माती उडवतो. सप्टेंबरपर्यंत बारीक मुळे उघडी पडली. पाचोळा गोळा करून जाळणाऱ्या बागांत वाढ का मंदावते ते इथे शेजारी-शेजारी दिसते.

११ जानेवारी २०२०: दुसरी विरळणी

हेक्टरी ५४५ झाडे, सरासरी घेर ६२.५ सेंमी, राखलेल्या झाडांची पाच वर्षांत वर्षाला ४.७ सेंमीची भर. छातीच्या उंचीवरचे सगळ्या खोडांचे काटछेद एकत्र केले तर हेक्टरी १६.९ चौरस मीटर. दाटीचे हे माप २० गाठू द्यायचे नव्हते. हेक्टरी ३१० ठेवली. लाल ठिपक्याची सगळी गेली.

विकताना मापाचा भाग. बाजारात घनफळ चौथाई घेराने काढतात: ओंडक्याच्या मध्यावरचा घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. मध्यघेर ५२ सेंमी, लांबी २.५ मीटर असेल तर ०.०४२ घनमीटर. खरे गोल घनफळ ०.०५४. चौथाई घेर नेहमी खऱ्याच्या ७८.५ टक्केच दाखवतो. यात लबाडी नाही, ती रीत आहे, पण दर ऐकताना तो कोणत्या मापावर आहे आणि घेर सालीवरून की सालीआतून, हे विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नये. आठ मिलिमीटर जाडीची साल घेरातून ५ सेंमी खाते.

चकतीत पक्के लाकूड १८ सेंमी व्यासापैकी ११, म्हणजे क्षेत्रफळाने ३७ टक्के.

तोड आणि वाहतूक यांचे परवाने कापणीच्या आधी हातात घेतले. लागवडीच्या वर्षापासून झाडांची नोंद जमिनीच्या कागदांवर आहे, म्हणून हे सुरळीत झाले. नोंद नसलेला साग स्वतःच्या जमिनीतला असूनही सिद्ध करत बसावा लागतो.

२७ डिसेंबर २०२४: हिशेब आणि कधी तोडायचे

हेक्टरी ३०५ झाडे, सरासरी घेर ८६ सेंमी, उंची १५ मीटर. उभे घनफळ हेक्टरी सुमारे १२० घनमीटर, दोन्ही विरळण्यांत निघालेले मिळून १७०. साडेपंधरा वर्षांनी भागले तर वर्षाला हेक्टरी ११ घनमीटर. चांगल्या जमिनीवर, वेळेवर कामे केल्यावर मिळणारा हा आकडा आहे. वीस-पंचवीस घनमीटर गृहीत धरून केलेले गुंतवणुकीचे तक्ते घनफळातच दुप्पट फुगलेले असतात, आणि त्यात कच्चे लाकूडही पक्क्याच्या दराने मोजलेले असते.

सुरुवातीच्या खर्चाबद्दल: पहिल्या वर्षी घातलेले १००, आठ टक्के चक्रवाढीने पंचवीस वर्षांत ६८५ होतात. म्हणून महागडे ठिबक आणि महागडी रोपे पाऊस पुरेसा असलेल्या जागी परवडत नाहीत. दहाव्या वर्षी विरळणीतून आलेले १०० त्याच हिशेबाने पंचविसाव्या वर्षाच्या ३१७ इतके मोलाचे. लवकर आलेला लहान पैसा कमी लेखू नये.

तोडीचा निर्णय वयाने घ्यायचा नाही. यंदा घेरात ३.८ सेंमी भर पडली: ८२.२ चे ८६. काटछेद ९ टक्क्यांहून जास्त वाढला. एवढे व्याज दुसरीकडे सहज मिळत नाही, तेव्हा झाड उभेच ठेवायचे. घेर ११० होऊन भर २.८ वर आली की वाढ ५ टक्क्यांवर उतरेल आणि मग प्रश्न खरा होईल. त्यातही घेराच्या टप्प्याप्रमाणे दर बदलतो. टप्प्याच्या दोन-तीन सेंमी अलीकडे असलेले झाड तोडणे म्हणजे सगळ्या खोडाचा दर खालचा लावून घेणे. जमिनीचे भाडेही यात धरावे लागते. जर्मन वनतज्ज्ञ मार्टिन फाउस्टमान यांनी १८४९ मध्ये हेच मांडले: झाड उभे आहे तोवर जमीनही अडकलेली आहे, पुढची लागवड तितकी पुढे जाते.

खालच्या कोपऱ्यातला अर्जुन ६० सेंमी घेराचा, निरोगी. तिथे कडेला चुकून लावलेली अकरा सागाची झाडे होती. नऊ मेली, दोन २२ सेंमीवर थांबली आहेत.

पुढचे काम: फेब्रुवारीत पांढरे पट्टे नव्याने मारणे, दक्षिणेची जाळरेषा १५ जानेवारीच्या आत, आणि पश्चिम कडेच्या ज्या २८ झाडांची पालवी पुन्हा भिडू लागली आहे त्यांचे शेजारी तपासणे. पुढची मोजणी डिसेंबर २०२५, याच पाच भूखंडांत, याच खुणांवर.